दुबार नोंदी

चाळीस ओळी आहेत, जास्त नाहीत.
त्यातल्या नऊ गियाने ढापून आणलेल्या,
कुठून, ते मी विचारलं नाही.

रात्री कुताईसी झोपलं
की मी नकाशावर एक चौकोन काढते,
स्टेशनपासून बाजार, बाजारापासून रिओनीचा काठ,
आणि स्क्रिप्टला सोडते दारोदार.
नाव. पत्ता. फोन. वेबसाइट आहे का.
नसेल तर ते गिऱ्हाईक.
प्रत्येक दारानंतर तिने दोन सेकंद थांबायचं,
हे मीच तिला लिहून दिलंय.
कुणाची कडी वाजवून पळत सुटू नये,
यंत्राने तर नाहीच.

सकाळी फाइल भरलेली असते.
टायरवाले, भट्टीवाले, दात बसवणारे,
लग्नाचे कपडे भाड्याने देणारे,
थडग्याच्या दगडावर चेहरे कोरणारे दोघे,
आणि घड्याळदुरुस्तीचं एक दुकान,
जे सहा वर्षं झाली ‘लवकरच उघडू’ म्हणतंय.
नंबर कसेही लिहिलेले. कुणी कंसात, कुणी टिंबं देऊन,
एकाने तर शून्याच्या जागी चक्क ओ.
मी धुते, चाळते, खडे काढते,
देशाचा आकडा सगळ्यांना पुढे सारखा लावते,
शाळेच्या पहिल्या दिवशी भांग पाडावा तसा.

मग येते अडतिसावी ओळ.
एकच फोन दोनदा आला, तर पहिला ठेव, दुसरा टाक.

फोन मात्र मी स्वतः करते.
एकदा निरोप लिहायचं काम स्क्रिप्टला दिलं होतं,
तर बावीस जणांना तिने लिहिलं,
‘नमस्कार, नाव-उपलब्ध-नाही.’
त्यातल्या एकाने उत्तर दिलं. ‘बोला.’

रांग एकशे सतरा. एरमिले, चपला-बूट दुरुस्ती.
मी म्हटलं, दीडशे लारी, चार पानं, फोटो मीच काढीन.
तो म्हणाला, माझ्याकडे येणाऱ्याचा तळवा फाटलेला असतो,
तो पाय ओढत येतो, शोधत येत नाही.
मग खरखर. मग दुसराच आवाज, जाडा, रागावलेला.
‘त्याला विचारलंस. मला नाही विचारायचं?’
तुम्ही कोण?
‘ओतिया. किल्ल्या.’
तुमचा नंबर सांगा.
‘हाच.’

गेले बघायला.
एकच गाळा, मधे प्लायवूड.
डावीकडे खळ आणि चामड्याचा वास,
उजवीकडे पितळेचा भुगा.
आईला पुरून आले त्या संध्याकाळी
अक्रोडाच्या एका झाडावरून बिनसलं,
त्याला अकरा वर्षं झाली.
फोन एकच, आईच्या नावावरचा.
प्लायवूडमधे भोक पाडून फळीवर ठेवलेला.
ज्याचा नसेल तो उचलतो, ऐकतो,
आणि रिसीव्हर पलीकडे सरकवतो.
शब्द नाही.

मी उंबऱ्यात, प्लायवूडच्या कडेशी उभी राहून म्हटलं,
दोघांची मिळून एकच वेबसाइट करू, स्वस्तात पडेल.
‘नाही,’ दोघे एकदम म्हणाले,
आणि त्या एकदम म्हणण्यानेच गडबडले.
ओतियाने कानस उचलली.
एरमिले सुईत दोरा ओवू लागला,
जो आधीच ओवलेला होता.

मी टाच शिवून घेतली, एक किल्ली पाडून घेतली
(कुलूप नव्हतंच घरी तसलं),
पैसे वेगवेगळे दिले.

घरी येऊन अडतिसाव्या ओळीपुढे खूण टाकली.
ओळ दिसते अजून, चालत नाही.
यादी त्यामुळे घाण झालीय.
दातांचा डॉक्टर चार वेळा येतो, भट्टी तीनदा,
गिया म्हणतो, डोकं फिरलंय तुझं, फोनचं बिल बघ.

बघते.
तरी नंबर दुसऱ्यांदा आला की दुसऱ्यांदा लावते.
बहुतेक तोच माणूस उचलतो,
म्हणतो, बाई, आत्ताच नाही का सांगितलं?
मी म्हणते, हो, पण तिथे
आणखी कुणी आहे का?